दोन हातांचा नियम

गेल्या पावसाळ्यात आपल्या कॉलेजच्या मैदानावर आंतरवर्गीय फुटबॉलचे सामने चालू होते. जिमखान्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे शिट्टीही माझ्याच गळ्यात होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षातील एका उंच्यापुऱ्या मुलाने थ्रो-इन घेताना चेंडू जवळजवळ एकट्या उजव्या हातानेच भिरकावला. डावा हात नुसता नावाला लावला होता. चेंडू थेट गोलच्या तोंडाशी जाऊन पडला. मी शिट्टी वाजवली आणि थ्रो दुसऱ्या बाजूला दिला. सामना संपल्यावर तो विद्यार्थी माझ्याकडे आला. फुटबॉल हा पायांचा खेळ; गोलकीपर सोडला तर बाकीच्या दहा जणांना चेंडूला हात लावण्याची मुभा या एकाच वेळी मिळते. मग तेवढ्यापुरते तरी ज्याच्या हातात जेवढे बळ असेल तेवढे त्याला का वापरू देऊ नये, असे त्याने मला विचारले. प्रश्न नम्रपणे विचारलेला होता आणि रास्तही होता. मी त्याला नियमांचे पुस्तक काढून दाखवले. पण पुस्तकात नियम असतो, त्याचे कारण नसते. हाच प्रश्न पूर्वी एकदा मी स्वतः एका रेफरींना विचारला होता, आणि तो काही नम्रपणे नव्हे. त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहे. त्यात एका थोर खेळाडूचे चरित्र आहे आणि थोडी माझ्या घरची हकीकतही आहे.

माझे बालपण उज्जैनला गेले. शिंदे सरकारच्या राज्यात नोकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे माळव्यात गेली आणि तिकडचीच झाली, त्यांपैकी आमचे एक. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि माळवी, आणि संध्याकाळी दसरा मैदानावर फुटबॉल, असा आमचा क्रम असे. माझा एक मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो नऊ वर्षांचा असताना घरच्या गुरांसाठी कडबा कापायच्या यंत्रात त्याचा डावा हात सापडला आणि मनगटापासून गेला. मामीने पुढे कितीतरी दिवस त्याला घराबाहेर पाठवले नाही. पण एके दिवशी तो आपणहून मैदानावर आला, बॅकच्या जागी उभा राहिला, आणि त्या जागेवरून पुढे त्याला कोणी हलवू शकले नाही.

सगळी कामे एकाच हाताने करावी लागत असल्यामुळे म्हणा, त्याच्या उजव्या हातात विलक्षण बळ आले होते. थ्रो-इन आला की तो चेंडू तळहातावर घेऊन डोक्यावरून असा फेकी, की तो थेट समोरच्या गोलपाशी जाऊन पडावा. गल्लीतल्या खेळात कोणी हरकत घेत नसे. ज्याला दुसरा हातच नाही त्याला दोन हातांचा नियम सांगायचा कसा, या विचाराने बाहेरून आलेली मुलेही गप्प बसत. पुढेपुढे आमच्या बाजूला थ्रो मिळाला की तो मैदानाच्या कोणत्या का टोकाला असेना, त्याला हाक मारून बोलावून घ्यायचे, असा आमचा रिवाजच पडून गेला.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचा संघ एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. कप्तान मी होतो. सामना बरोबरीत होता आणि पाचएक मिनिटे उरली होती. समोरच्या गोलच्या जवळच आम्हाला थ्रो मिळाला. मी नेहमीप्रमाणे मामेभावाला खूण केली. तो जरा घुटमळला, पण आला. त्याने चेंडू फेकला आणि रेफरींनी शिट्टी वाजवून थ्रो प्रतिपक्षाला दिला. त्याच चेंडूवरून खेळ आमच्या बाजूला सरकला आणि आमच्यावर गोल झाला. माझा तोल सुटला. मी रेफरींपुढे जाऊन उभा राहिलो, मामेभावाचा तो अर्धा हात धरून सर्व मैदानापुढे उंच केला, आणि या मुलाने दुसरा हात कोठून आणायचा ते सांगा, म्हणून ओरडलो. रेफरी वयस्क गृहस्थ होते. नियम मी केलेला नाही, एवढेच ते शांतपणे म्हणाले. सामना आम्ही हरलो. घरी परत जाताना मामेभाऊ क्षिप्रेच्या घाटापर्यंत माझ्याबरोबर चालत आला, पण एक शब्दही बोलला नाही. पराभवामुळे तो गप्प आहे असे मी समजलो. नियम ज्याने केला असेल त्याच्याविषयी माझ्या मनात पुढे कित्येक वर्षे अढी होती.

तो नियम कशामुळे झाला हे मला पुष्कळ उशिरा, शिक्षकी पेशात आल्यावर, ग्रंथालयात क्रिकेटविषयीची जुनी पुस्तके चाळताना कळले. त्या कारणाचे नाव विल्यम गन. आश्चर्य असे, की हे नाव लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे होते. उज्जैनला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे विलायती बॅट होती आणि तिच्यावर गन अँड मूर अशी अक्षरे होती. ही बॅट बंदुकीच्या कारखान्यात तयार होते अशी आम्हा मुलांची ठाम समजूत होती! पुढे क्रिकेट खेळणाऱ्या अनेकांच्या हातात जी.एम. या आद्याक्षरांच्या बॅटी पाहिल्या. त्यातला गन हा एक हाडामांसाचा माणूस होता आणि त्याच्या एका उजव्या हातापायी फुटबॉलचा नियम बदलला, असे सांगतात.

विल्यम गन यांचा जन्म ४ डिसेंबर १८५८ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. हे शहर लेस विणण्याच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि क्रिकेटसाठीही. गन यांची उंची सहा फुटांहून चांगली दोन-तीन इंच अधिक होती. अंग सडपातळ, हात लांब, चाल डौलदार. तरुणपणी ते रिचर्ड डॅफ्ट या नामवंत क्रिकेटपटूच्या खेळसाहित्याच्या दुकानात कामाला होते. बॅटचे लाकूड कसे पारखावे, मूठ कशी बसवावी, हे त्यांना दुकानातच दिसले आणि खेळाची गोडीही तेथेच वाढली. १८८० मध्ये ते नॉटिंगहॅमशायरच्या संघात आले आणि तेव्हापासून १९०४ पर्यंत त्याच संघातून खेळले.

त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या असे म्हटले तरी चालेल. हौसेखातर खेळणाऱ्या प्रतिष्ठितांना जंटलमेन म्हणत आणि पोटासाठी खेळणाऱ्यांना प्लेअर्स. दोघांची मैदानात उतरण्याची दारेही पुष्कळदा वेगळी असत. गन हे प्लेअर्सपैकी. क्रिकेटचा हंगाम उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात हात रिकामे. त्या रिकाम्या महिन्यांत ते फुटबॉल खेळत. आधी काही दिवस नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून आणि मग नॉट्स काउंटी या क्लबकडून. नॉट्स काउंटी १८६२ साली स्थापन झालेली. जगातील अतिशय जुन्या क्लबांत तिची गणना होते. गन विंगवर खेळत. लांब ढांगा टाकीत रेषेच्या कडेने चेंडू नेण्यात ते तरबेज होते.

क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू फेकणे हा गन यांचा नित्याचा सराव. क्षेत्ररक्षक म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. हाच हात त्यांनी फुटबॉलच्या थ्रो-इनला वापरला. तत्कालीन इंग्लिश नियमात एका हाताने फेकायला बंदी नव्हती. गन एका हातात चेंडू घेत आणि तो थेट प्रतिपक्षाच्या गोलपुढे नेऊन टाकीत. ही फेक अर्ध्या मैदानाहूनही लांब जाई अशा कथा त्यांच्याविषयी सांगतात. चेंडू बाहेर गेला की एरव्ही खेळात क्षणभर विसावा असे. गन यांच्या बाजूने मात्र तो हल्ल्याचा क्षण असे. प्रतिपक्षाने चेंडू रेषेबाहेर घालवून बचाव करावा, तर तो गन यांच्या हातात जाई आणि बचावच अंगलट येई.

येथे थोडे थांबून थ्रो-इनचा नियम तेव्हा कोणत्या अवस्थेत होता हे पाहिले पाहिजे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि पहिले लिखित नियम तयार झाले. त्यांत चेंडू रेषेबाहेर गेला की त्याला जो प्रथम स्पर्श करील त्याने तो आत फेकावा असे होते. कडेच्या भागाला टच आणि कडेच्या रेषेला टच-लाइन म्हणतात त्याचे मूळ या स्पर्शात आहे. यामुळे चेंडूमागे दोन्ही बाजूंच्या खेळाडूंची झुंबड उडे. शिवाय फेक रेषेशी काटकोनात, सरळ आतच टाकावी लागे. पुढे चेंडू ज्या बाजूने बाहेर घालवला तिच्या विरुद्ध बाजूला फेक देण्याची पद्धत आली. त्याच वेळी शेफील्ड शहरातील क्लब आपल्या वेगळ्या नियमांनी खेळत आणि चेंडू हाताने न फेकता पायाने आत मारत. १८७७ मध्ये लंडन आणि शेफील्ड यांची तडजोड झाली. शेफील्डने पायाने मारणे सोडले आणि लंडनने काटकोनाची अट सोडली. म्हणजे आता चेंडू कोणत्याही दिशेने, हवा तर थेट गोलच्या रोखाने, फेकता येऊ लागला. गन फुटबॉलमध्ये आले ते या सुधारणेनंतर थोड्याच वर्षांनी. दिशेचे बंधन सुटले होते आणि हाताचे बंधन अजून पडायचे होते. या मधल्या फटीत गन यांचा उजवा हात बरोबर बसला.

स्कॉटलंडमध्ये मात्र निराळी रीत होती. तेथे दोन्ही हातांनी, डोक्यावरून चेंडू फेकत. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे सामने दरवर्षी होत, आणि ज्याच्या भूमीवर सामना त्याचे नियम, असा घोळ असे. अखेर डिसेंबर १८८२ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चारही असोसिएशनांचे प्रतिनिधी मँचेस्टरला जमले आणि त्यांनी सर्वांसाठी एकच नियमावली ठरवली. थ्रो-इनच्या बाबतीत दोघांचेही थोडे थोडे घेतले. दिशा इंग्लंडची, म्हणजे मोकळी. आणि हात स्कॉटलंडचे, म्हणजे दोन्ही आणि डोक्यावरून. याच एकोप्यातून पुढे १८८६ मध्ये नियम करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ जन्मले. फुटबॉलच्या नियमांत बदल करण्याचा अधिकार आजही त्याच्याकडे आहे.

इंग्लंडने दोन हातांची स्कॉटिश रीत इतक्या सहज का पत्करली, याचे उत्तर म्हणून गन यांचे नाव घेतात. मला स्वतःला वाटते, की एका माणसासाठी चार देशांचे प्रतिनिधी जमले नसते. ते एका नियमावलीसाठी जमले होते. पण काटकोनाची अट गेल्यानंतर एका हाताची फेक किती जड जाते याचे प्रात्यक्षिक त्यांच्यापुढे नॉटिंगहॅममध्ये धावत होते, हेही खोटे नाही.

या बदलाचा परिणाम काय झाला हे विद्यार्थिमित्रांनी स्वतः मैदानावर जाऊन करून पाहावे. एका हाताने फेकताना खांदा मागे वळतो, कंबर फिरते आणि हात मोठे वर्तुळ करून येतो. दोन्ही हात चेंडूला लावले की खांदे समोर बांधले जातात. बळ पाठीतून आणि कमरेतून आणावे लागते. बलवान आणि दुर्बळ यांच्या फेकीतले अंतर एकदम कमी होते. पुढे पायांवरही बंधन आले. फेकण्याच्या क्षणी दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला, रेषेवर किंवा रेषेबाहेर, टेकलेला पाहिजे. याप्रमाणे थ्रो-इन हे शस्त्र राहिले नाही. खेळ पुन्हा सुरू करण्याचे ते साधन झाले. तेव्हा १९२० मध्ये थ्रो-इनवरून ऑफसाइड धरू नये असे ठरले, कारण तशी सूट देण्यात आता मोठा धोका नव्हता. १९३१ पर्यंत चुकीच्या थ्रोला फ्री किकची शिक्षा असे, ती सौम्य करून नुसता थ्रो दुसऱ्या बाजूला देऊ लागले. उज्जैनच्या त्या रेफरींनी आम्हाला दिलेली शिक्षा ही या सौम्य नियमानुसार होती, हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर!

पुन्हा गन यांच्याकडे वळू. आपल्या हातातले हुकमी शस्त्र नियमाने काढून घेतल्यावर दुसरा एखादा खेळाडू रागाने खेळ सोडून गेला असता. गन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते खेळत राहिले. नियम बदलल्यानंतरच्या दोन्ही मोसमांत, १८८३ आणि १८८४ मध्ये, नॉट्स काउंटी एफ.ए. कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली. आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात गन यांची निवड झाली तीही नियम बदलण्यापूर्वी नव्हे, तर नंतर, मार्च १८८४ मध्ये. स्कॉटलंड आणि वेल्स यांच्याविरुद्ध ते दोन सामने खेळले आणि वेल्सविरुद्ध त्यांनी एक गोलही केला. हात बांधले गेले तेव्हा त्यांच्या पायांची किंमत निवड करणाऱ्यांना कळली, असे मला वाटते. नियम झाला नसता तर गन कदाचित लांब फेकणारा माणूस एवढ्याच नावाने उरले असते.

क्रिकेटमध्ये तर त्यांची चढती कमान पुढेच होती. १८८५ मध्ये लॉर्ड्सवर एम.सी.सी.कडून खेळताना त्यांनी यॉर्कशायरविरुद्ध २०३ धावा केल्या. १८८६-८७ च्या हिवाळ्यात ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले आणि सिडनी येथे पहिली कसोटी खेळले. त्या कसोटीत इंग्लंडचा पहिला डाव अवघ्या ४५ धावांत आटोपला होता आणि तरीही इंग्लंडने सामना १३ धावांनी जिंकला. १८९० मध्ये ससेक्सविरुद्ध आर्थर श्रूसबरी यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ३९८ धावांची भागी केली. त्याच वर्षी प्लेअर्सकडून पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध २२८ धावा काढल्या. १८९३ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १०२ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. एवढा उंच आणि बळकट माणूस, पण त्यांची फलंदाजी आडदांड नव्हती. चेंडू जमिनीलगत, शांतपणे आणि नेटका मारण्यासाठी ते प्रसिद्ध होते. बळ असूनही ते मोजून वापरण्याची ही सवय त्यांना कशी लागली असेल ते सांगता येत नाही. परंतु त्यांचे चरित्र वाचताना तो दोन हातांचा नियम माझ्या मनात घोळत राहतो खरा.

नियम पाळणारा माणूस प्रत्येक गोष्ट निमूटपणे सोसतोच असे नाही, हेही गन यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ओव्हल कसोटीसाठी व्यावसायिक खेळाडूंना दहा पौंड मिळणार होते. हौशी म्हणवणाऱ्या काही प्रतिष्ठितांना खर्चाच्या नावाखाली पुष्कळ अधिक रक्कम मिळते, हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा गन, लोमन, रिचर्डसन, हेवर्ड आणि एबल या पाच जणांनी वीस पौंडांची मागणी केली. फार गवगवा झाला. सामना सुरू होण्यापूर्वी शेवटच्या तिघांनी माघार घेतली आणि ते खेळले. गन आणि लोमन यांनी घेतली नाही. ते त्या सामन्यात खेळले नाहीत. पुढे १८९८ मध्ये कसोटी सामन्यांची व्यवस्था पाहण्यासाठी मंडळ नेमले गेले आणि व्यावसायिकांचे मानधन वीस पौंड ठरले. १८९९ मध्ये नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर पहिलीच कसोटी झाली. त्या वेळी चाळीस वर्षांचे गन आपल्या गावच्या मैदानावर इंग्लंडकडून खेळले. ती त्यांची अकरावी आणि अखेरची कसोटी होती.

थ्रो-इनच्या बाबतीत गप्प राहणारे गन मानधनाच्या बाबतीत अडून का बसले? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर सोपे आहे. दोन हातांचा नियम सर्वांना सारखा लागू होता; त्यात गन यांचे नुकसान झाले तरी अन्याय नव्हता. दहा पौंडांचा नियम काहींना लागू होता आणि काहींना नव्हता. हा फरक ओळखण्यातच खेळाडूची खरी परीक्षा असते. मैदानावरच्या त्या दिवशी मी या परीक्षेत नापास झालो होतो.

खेळाडूचे आयुष्य थोडे असते हे गन यांनी लवकर ओळखले. १८८५ मध्ये त्यांनी थॉमस मूर यांच्या भागीदारीत नॉटिंगहॅमला बॅटी तयार करण्याचा धंदा सुरू केला. दुकानात शिकलेली विद्या आता उपयोगी पडली. गन अँड मूरच्या बॅटी इंग्लंडबाहेर, ऑस्ट्रेलियात आणि आपल्या देशातही पोचल्या, आणि आजही त्या नावाने बॅटी निघतात. हिवाळ्यात काम शोधत फिरणारा हा पोटार्थी खेळाडू पुढे संपन्न कारखानदार झाला. त्यांचे पुतणे जॉन आणि जॉर्ज हे दोघेही इंग्लंडकडून खेळले. २९ जानेवारी १९२१ रोजी नॉटिंगहॅम येथेच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी विल्यम गन यांचे निधन झाले. पंचवीस हजारांहून अधिक प्रथम श्रेणीच्या धावा त्यांच्या नावावर होत्या. फुटबॉलच्या नियमात त्यांचे नाव कोठे लिहिलेले नाही, पण खेळाडू दोन्ही हात डोक्यावर नेतो तेव्हा मला त्यांचीच आठवण होते.

बलवानाला आवरण्यासाठी केलेला नियम दुर्बळालाही आवरतो, ही त्याची दुसरी बाजू. १९३० मध्ये उरुग्वे देशात पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाचा ४-२ असा पराभव केला आणि त्यातला शेवटचा गोल हेक्टर कास्त्रो यांनी केला. कास्त्रो तेरा वर्षांचे असताना विजेच्या करवतीने त्यांचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. ते फॉरवर्ड खेळत. थ्रो-इन टाकायला संघात दुसरे दहा जण होते. एका पायाने, कुबड्यांच्या आधारे खेळायचा एक फुटबॉल अलीकडे अनेक देशांत खेळला जातो. त्यात हातांत कुबड्या असल्यामुळे चेंडू पायाने आत मारण्याचा नियम आहे. म्हणजे शेफील्डची जुनी रीत तेथे पुन्हा उपयोगी पडली. नियम माणसेच करतात, आणि समोर वेगळी माणसे आली की निराळा नियम करण्याची बुद्धीही त्यांना होते.

ही सगळी माहिती जमल्यावर एका सुट्टीत मी उज्जैनला गेलो असताना मामेभावाला सांगितली. तो आता मुलांना फुटबॉल शिकवतो. गन यांची गोष्ट ऐकून तो मोठ्याने हसला. मग तो जे म्हणाला त्यामुळे मी खाली पाहिले. आपली फेक नियमात बसत नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. हात नसल्यामुळे आपल्याला सवलत मिळते असे आम्ही सगळे मानत होतो. पण ती सवलत नव्हती, तो फायदा होता. दोन हातांची मुले दोन हातांनी जवळ फेकत आणि तो एका हाताने लांब फेकत असे. बाकीच्यांची दया आम्ही गोलसाठी वापरत होतो, आणि कप्तान म्हणून मी सर्वांत जास्त. अंतिम सामन्यात त्याला तो थ्रो दुसऱ्याकडे द्यायचा होता. मी बोलावले म्हणून तो आला. रेफरींचा निर्णय त्याला पटला होता. घाटापर्यंत तो गप्प होता तो वेगळ्या कारणाने. बॅक म्हणून त्याने त्या मैदानावर आपले नाव कमावले होते, आणि मी सगळ्या लोकांपुढे त्याचा हात उंच करून त्याला पुन्हा केवळ एक लुळा मुलगा करून टाकले होते. रेफरींनी त्याला इतर खेळाडूंसारखे वागवले. ते मी केले नाही. त्या दिवसापासून त्याने थ्रो कधीच टाकला नाही. थ्रो मिळाला की चेंडू हाफच्या हाती देऊन तो आपल्या जागेवर जाई, आणि बॅक म्हणून पुढे आणखी आठ वर्षे खेळला.

एवढे सगळे त्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला मैदानावर उभ्याउभ्या सांगणे शक्य नव्हते. थोडक्यात सांगायचे तर उत्तर असे: तुझ्या हातातले बळ कोणी नाकारत नाही. पण तो एक हात मोकळा सोडला तर बाकीच्या एकवीस जणांच्या पायांना काम उरणार नाही, हे लोकांनी एकदा पाहिले आहे. आणि ज्याच्यामुळे ते पाहिले, तो त्यानंतरच देशाच्या संघात गेला.

पुढच्या सामन्यात त्याने थ्रो नीट दोन्ही हातांनी टाकला. चेंडू फार लांब गेला नाही. दहाबारा हातांवरच्या सोबत्याकडे गेला. सोबत्याने तो त्याला परत दिला आणि आमचा हा उंच विद्यार्थी लांब ढांगा टाकीत रेषेच्या कडेने धावत सुटला. शिट्टी माझ्या तोंडात होती, पण ती वाजवण्याचे काही कारण उरले नव्हते.